मुलांच्या यकृतातील चरबी : तीन प्रश्न

यकृत म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक कावीळ आणि दुसरी दारू. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, की घरातली माणसे म्हणतात, ‘लिव्हर बिघडलंय.’ आणि कुणाचे यकृत निकामी झाल्याचे कानावर आले, की पारावर पहिला प्रश्न निघतो, ‘पीत होता काय?’ आज ज्या विकाराबद्दल मी बोलणार आहे, त्यात सहसा ह्या दोन्ही खुणा सापडत नाहीत. डोळे स्वच्छ असतात. दारूचा थेंबही कधी पोटात गेलेला नसतो. मूल दहा-बारा वर्षांचे असते, शाळेत येते, खेळते, पोटभर जेवते. तरीही त्याच्या यकृतात चरबी साठत असते, आणि ती साठताना बहुधा दुखत नाही, खुपत नाही.

मी वैद्य नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नाही. पण शब्दाचा अर्थ नीट लावणे हे मात्र आमच्या धंद्यातले काम आहे, आणि ह्या विकाराबाबतचा निम्मा घोटाळा शब्दाचाच आहे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे दोन शब्द येतात. कुणी ते वाचून हादरतो, तर कुणी ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद घडी करून ट्रंकेत ठेवतो. दोन्ही चूक. ते दोन शब्द म्हणजे निदान नव्हे, निदानाची सुरुवात होय. त्यापुढे तीन प्रश्न विचारावे लागतात : चरबी खरोखर आहे का? असल्यास ती का साठली? आणि तिने यकृताचे काही नुकसान केले आहे का? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे निदान पुरे झाले.

प्रथम यकृत म्हणजे काय ते पाहू. उजव्या बरगड्यांखाली असलेला हा मोठा अवयव. खाटकाच्या दुकानात ज्याला आपण कलेजी म्हणतो तोच. आतड्यात पचलेले अन्न रक्तावाटे आधी यकृताकडे येते. तालुक्याच्या बाजार समितीचे गोदाम असते ना, तसे समजा. माल येतो, त्याची छाननी होते, काही ठेवला जातो, काही पुढे पाठवला जातो. आवक आणि जावक जुळली तर गोदाम मोकळे राहते. आवक बेसुमार झाली तर पोती दारापर्यंत येतात. आवक थोडी असूनही गाड्याच मिळाल्या नाहीत, तरी पोती साठतातच. यकृतातल्या चरबीचे असेच आहे. निरोगी यकृतातही चरबीचा अंश असतो. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर शंभरातील पाचाहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसले, म्हणजे यकृतात चरबी साठली असे वैद्यकशास्त्र म्हणते. पहिल्या प्रश्नाचे मोजमाप हे असे पाच टक्क्यांचे आहे.

आता दुसरा प्रश्न : का साठली? ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. डॉ. सिसिली विल्यम्स ह्या बाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, पाय सुजलेली, केस पिंगट झालेली, कातडी सोलवटलेली मुले पाहिली आणि १९३३ साली त्यांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ साली त्यांनी त्याला तिथल्याच लोकांचे नाव दिले, क्वाशिओरकोर. हा कुपोषणाचा आजार. पुढे १९४८ साली डॉ. वॉटरलो यांनी वेस्ट इंडीज बेटांवरच्या तान्ह्या मुलांबद्दल एक अहवाल लिहिला. त्याचा विषयच मुळी मुलांच्या यकृतात साठणारी चरबी हा होता, आणि ती मुले कुपोषित होती. म्हणजे त्या काळी मुलांच्या यकृतात चरबी म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे भुकेले मूल येई.

त्यानंतर चित्र पालटले. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांची हकीकत लिहिली. यकृत पाहावे तर दारुड्याचे वाटावे, आणि माणसे तर न पिणारी! ह्या विकाराला तोवर नावच नव्हते. त्यांनी नाव दिले ते ‘दारूविना होणारा’ असे. लगेच १९८३ साली स्थूल मुलांतही हाच विकार आढळल्याची नोंद झाली. पहिल्या नोंदीत अवघी तीन मुले होती. पुढे १९९३ ते २००३ ह्या काळात अमेरिकेतल्या सॅन डिएगो परगण्यात शवचिकित्सा झालेल्या २ ते १९ वर्षांच्या ७४२ मुलांची यकृते तपासली गेली. त्यावरून काढलेला अंदाज असा की शंभरात साडेनऊ मुलांच्या यकृतात चरबी असावी. त्यातही जी मुले लठ्ठ होती, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात अडतीस भरले.

पाहा बरं का, भुकेल्या मुलाच्या यकृतातही चरबी आणि अति खाणाऱ्या मुलाच्या यकृतातही चरबी! तेव्हा नुसती चरबी दिसली म्हणून ‘ह्याचं खाणं तोडा’ असे म्हणून चालत नाही. कुपोषित मुलाचे खाणे तोडले तर जीव जायचा. म्हणून ‘का’ हा प्रश्न टाळता येत नाही.

‘दारूविना होणारा विकार’ हे नाव चाळीस वर्षे चालले. पण ते नाव म्हणजे, ‘तुमचे आडनाव काय?’ असे विचारल्यावर ‘पाटील नाही’ असे उत्तर दिल्यासारखे होते. काय नाही ते कळते, काय आहे ते कळत नाही. शिवाय दहा वर्षांच्या पोराच्या कागदावर दारूचा शब्द कशाला? आईबापांना उगीच मान खाली घालावी लागे. अखेर २०२३ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून नवे नाव ठरवले. मराठीत सांगायचे तर ‘चयापचयाच्या बिघाडाशी निगडित यकृतचरबी-विकार’. चयापचय म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे शरीरात जे जाळणे, साठवणे, घडवणे चालते ते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमएएसएलडी’ अशी पाच इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती ह्याच विकाराची समजावीत.

नव्या व्याख्येत एक गोष्ट चांगली झाली. आता काय असले म्हणजे विकार म्हणावयाचा, ते सांगितले आहे. यकृतात चरबी असली पाहिजे, आणि तिच्या जोडीला पाचांपैकी निदान एक खूण असली पाहिजे. पहिली, वयाच्या मानाने वजन किंवा कंबर जास्त. दुसरी, रक्तातली साखर वाढलेली, म्हणजे उपाशीपोटी १०० किंवा अधिक. तिसरी, वयाच्या मानाने रक्तदाब चढा. चौथी, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढलेली, म्हणजे दहा वर्षांखालच्या मुलात १०० आणि त्यावरच्या मुलात १५० किंवा अधिक. पाचवी, एचडीएल नावाचे हितकारक कोलेस्टेरॉल ४० किंवा त्याहून कमी. आणि ह्या सर्वांबरोबर, चरबी साठण्याचे दुसरे कोणतेही कारण सापडता कामा नये.

आता आपण गावातल्या शाळेत येऊ. समजा, सातवीत एक मुलगा आहे. त्याला आपण बाळू म्हणू. बाळू जरा अंगाने भरलेला. त्याच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आहे. मास्तर म्हणतात, ‘अरे, मान घासत जा!’ आई दगडाने घासते, पोराची कातडी लाल होते, पण काळेपणा जात नाही. शिक्षक मित्रांनो, हा मळ नव्हे. शरीरातले इन्सुलिन नीट लागू पडत नसले, की मानेवर आणि काखेत अशी कातडी होते. असे मूल दिसले तर त्याला चारचौघांत बोलू नका. त्याच्या आईवडिलांना एकीकडे घेऊन शांतपणे सांगा की एकदा डॉक्टरांना दाखवा.

दुसरे साधन म्हणजे सुतळीचा तुकडा. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, तिची बरोबर दुहेरी घडी करावी आणि ती बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती लावावी. टोके जुळली तर ठीक. जुळत नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजेच पोटात चरबी असण्याचा संभव आहे. ही तपासणी नव्हे, इशारा आहे, एवढे लक्षात असू द्या.

तिसरे साधन वजनकाटा आणि उंचीची पट्टी. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावयाचे. बाळूचे वजन ४४ किलो आणि उंची १४० सेंटिमीटर, म्हणजे १.४ मीटर असेल, तर ४४ भागिले १.४, पुन्हा भागिले १.४, उत्तर आले सुमारे २२.४. मोठ्या माणसात हा आकडा फारसा खटकत नाही. शाळकरी मुलात मात्र तो वयाच्या तक्त्यावर ताडून पाहावा लागतो, आणि तिथे तो बराच वर जातो. भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली असे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. परदेशी तक्त्यांपेक्षा त्यांतल्या रेषा खालच्या पातळीवर ठेवल्या आहेत. त्याचे कारण आपल्या लोकांच्या अंगकाठीत आहे.

हे कारण समजून घेण्यासाठी पुण्याकडे पाहावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी जवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा व बालकांचा अभ्यास १९९३ पासून चालवला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिथल्या बाळाचे सरासरी वजन ३.५ किलो, आपल्याकडचे २.७ किलो. पण गंमत अशी की आपली बाळे हाडामांसाने जितकी कमी, तितकी चरबीने कमी नव्हती. अंगाने बारीक, पण चरबी राखून! २००४ साली ह्याच डॉक्टरांनी आपले व एका इंग्रज डॉक्टरमित्राचे छायाचित्र प्रसिद्ध केले. वजन-उंचीचा आकडा दोघांचाही २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि पुणेकरांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा ‘आमचं पोर तर काडीसारखं आहे’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो हिशोब मांडला गेला, त्यात लठ्ठ मुलांपैकी शंभरात सुमारे ६३ जणांत यकृतात चरबी दिसली, आणि लठ्ठ नसलेल्यांतही शंभरात सुमारे १२ जणांत. म्हणून घरात आई, बाप किंवा भावंडाला मधुमेह वा हा विकार असेल, तर बारीक मुलाबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

आता बाळू दवाखान्यात गेला. तिथे काय होते?

पहिली तपासणी रक्ताची. एसजीपीटी नावाचे एक द्रव्य यकृताच्या पेशींत असते. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर ‘नॉर्मल ४० पर्यंत’ किंवा त्याहूनही वरचा आकडा असतो. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांची पाहणी करून २०१० साली असे दाखवण्यात आले, की तिथल्या कागदांवरची मर्यादा मध्यमानाने ५३ होती, पण निरोगी मुलांची खरी मर्यादा मुलींत सुमारे २२ आणि मुलांत सुमारे २६ एवढीच निघाली. म्हणजे कागद ‘नॉर्मल’ म्हणत असताना यकृत मात्र कुरकुरत असू शकते. तेव्हा कागदावरचा शेरा पाहून थांबू नये, आकडा डॉक्टरांना दाखवावा.

पण एकदाच आकडा वाढला म्हणून घाबरूही नये. साधी कावीळ येऊन गेली, एखादे औषध चालू असले, तरीही तो वाढतो. म्हणून तपासणी पुन्हा करतात. उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१७ साली नियम घालून दिला तो असा : लठ्ठ मुलांची, तसेच वजन जास्त असून जोडीला अन्य धोके असलेल्या मुलांची, ९ ते ११ वर्षांच्या सुमारास रक्ततपासणी करावी. आकडा दुपटीच्या वर, म्हणजे मुलींत ४४ व मुलांत ५२ किंवा अधिक, असा तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर कारणाचा कसून शोध घ्यावा. ८० च्या वर गेला तर अधिक तातडी करावी.

ह्या शोधात इतर आजार वगळावे लागतात. बी आणि सी प्रकारची कावीळ. शरीराने स्वतःच्याच यकृतावर उठणे. गव्हातला चीक न सोसणे. स्टेरॉइड किंवा फिट्सवरची काही औषधे. आणि विशेषतः विल्सनचा आजार. ह्यात शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठते. सोनोग्राफीत तेही यकृत चरबीचेच दिसू शकते. हा आजार लवकर सापडला तर औषधाने आटोक्यात राहतो. ‘जाड आहे, म्हणून फॅटी लिव्हर’ असे म्हणून तो राहून गेला, तर मूल हातचे जाते. नेमके निदान का हवे, ते इथे कळते.

सोनोग्राफीबद्दलही दोन शब्द. ती स्वस्त आहे, दुखत नाही, तालुक्याला होते. परंतु यकृतात वीस-तीस टक्के चरबी साठेपर्यंत तिला नीट दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी चांगली आली तरी विकार नाहीच, असे म्हणता येत नाही. तसेच ‘ग्रेड एक’ किंवा ‘ग्रेड दोन’ हा चरबीचा अंदाज आहे, नुकसानीचा नव्हे. चरबी अचूक मोजायची तर एमआरआयची खास पद्धत लागते. ती मोठ्या शहरांतच मिळते आणि खर्चिक आहे.

आता तिसरा प्रश्न : नुकसान किती? काही मुलांत चरबी नुसती पडून राहते. काहींत तिच्यामुळे यकृताला सूज येते. जखम भरताना जसा वण राहतो, तसे सुजेनंतर यकृतात वण पडत जातात, आणि वण वाढत गेले की यकृत निबर होते. यकृताचा ताठपणा मोजणारे फायब्रोस्कॅन नावाचे यंत्र त्याचा अंदाज देते. सूज आणि वण नक्की पाहावयाचे तर सुईने यकृताचा कण काढून तपासणे हाच आजही भरवशाचा मार्ग आहे. पण तो प्रत्येक मुलाला लागत नाही. कुणाला लागतो ते तज्ज्ञ ठरवतात.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, ‘मास्तर, भीतीच घातलीत!’ तसे नाही. ही चरबी उतरू शकते. २०१९ साली अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांच्या घरातून वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळजवळ हद्दपार केली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. बाकीच्यांची २१ वरून २० वर, म्हणजे जागच्या जागी राहिली. आठच आठवडे बरं का! लहान मुलांसाठी ह्या विकारावर मान्यता मिळालेले खास औषध आज नाही. म्हणून जाहिरातीतल्या ‘लिव्हर टॉनिक’वर पैसे घालवू नयेत. बाटलीतली गोड पेये, दुकानातली पुडकी, बिस्किटे आणि चहातली साखर आधी कमी करावी. आणि गूळ आपल्या शेतातला असला, तरी तो साखरेचाच भाऊ आहे हे विसरू नये. भाकरी, उसळ, भाजी, ताक आणि रोजचा तासभर खेळ, हे सारे आपल्याकडे आहेच. वाढत्या मुलाचे वजन एकदम उतरवायचे नसते. पुष्कळदा वजन थांबवून उंची वाढू दिली तरी काम होते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करायला येते. ते आले की उंची-वजनाची नोंद घाईघाईत उरकू देऊ नका. शंका असलेल्या मुलाची नावानिशी गाठ घालून द्या, आणि पुढे त्याला खरोखर कुणी दवाखान्यात नेले की नाही, याची चौकशी करा. मात्र वर्गात त्याला ‘ढोल्या’ म्हणू नका, कुणाला म्हणूही देऊ नका. चिडवलेले मूल मैदानावर येत नाही. ते घरी बसते, आणि घरी बसल्याने नेमके तेच वाढते जे आपल्याला कमी करायचे आहे.

तेव्हा, श्रोते हो, उद्या कुणाच्या हातात ‘फॅटी लिव्हर’ असा कागद आला, तर ते तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा : चरबी नक्की आहे का, ती कशामुळे आहे, आणि नुकसान कितपत आहे? विचारायला लाजू नका. मूल आपले आहे आणि त्याचे यकृत अजून सुधारण्याच्या वयाचे आहे.